टॅपेट गप्प बसलेत म्हणून काळजी: सिटीचं टॅपेट सेटिंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये

रविवारचा_मिस्त्री (कासारवडवली)
4 मे, रात्री 10:15

गाडी होंडा सिटी, 2011 ची, 1.5 आय-व्हीटेक, हाताचे गिअर. 1,34,000 किमी झालेत. 2016 साली बाहेरून सीएनजी किट बसवलं, तेव्हापासून पेट्रोल फक्त सकाळी सुरू करण्यापुरतं.

त्रास असा आहे. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, तक्रार नाही. मानपाड्याच्या सिग्नलपर्यंत इंजिन गरम झालं की उभ्या गाडीत स्टिअरिंगला बारीक थरथर येते. गॅसवर जास्त, पेट्रोलवर कमी. आणि मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर गाडी चालते कमी, उभीच जास्त राहते, हे ठाणेकरांना काय सांगायचं. प्लग बदलले, कॉइल एकमेकांच्या जागी लावून पाहिल्या, थ्रॉटल बॉडी साफ केली. काडीचाही फरक नाही.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून कान लावला. म्हणाला, "टॅपेटचा आवाजसुद्धा नाही साहेब, मक्खन इंजिन आहे. इंजेक्टर साफ करू." मला नेमकं तेच खटकतंय. ही गाडी नवीन असताना थंड इंजिनवर शिवणयंत्रासारखी टिकटिक करायची. गेली दोनेक वर्षं ती टिकटिक ऐकलेली आठवत नाही.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या रॉकरचं (आडव्या हाताचं) टोक. ते आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात बारीक फट ठेवावी लागते, टिकटिक तिचीच. ही फट घरी कोणी मोजलीय का? हत्यारं बरीच आहेत, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) नाही. इंजिनाचं वरचं झाकण आजवर उघडलेलं नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

---

सानपाडा_लोकल
4 मे, रात्री 10:50

आवाज नाही ही तक्रार कधीपासून झाली राव? माझ्या बाईकचे टॅपेट वाजले की मी मेकॅनिककडे पळतो. तुम्ही न वाजण्यानं झोप उडवून घेताय.

---

गोटीपाना (कळवा)
4 मे, रात्री 11:20

मिस्त्री, शंका अगदी रास्त आहे. बाहेरून बसवलेलं किट, लाखाच्या वर किलोमीटर आणि टिकटिक बंद. माझा पैसा एक्झॉस्टच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या टॅपेटवर. फट कमी होत होत संपायला आली असणार.

सानपाडा, फट वाढली तर आवाज होतो, पिकअप थोडा पडतो, पण इंजिन लगेच मरत नाही. फट संपली तर आवाज अजिबात होत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. वाजणारा टॅपेट भांडखोर शेजारी समजा, त्याच्या मनात काय आहे ते कळतं तरी.

---

जुना_जिप्सीवाला (नौपाडा)
5 मे, सकाळी 7:05

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची अवस्था समजून घ्या. जळलेला वायू त्याच्या अंगावरून जातो, डोकं सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतं. ही उष्णता टाकायला त्याला मुख्य वाट एकच, ती म्हणजे सीट, हेडमधली (इंजिनाच्या वरच्या भागातली) ती कडी जिच्यावर व्हॉल्व्ह बसतो. बंद झाल्यावर तो सीटला घट्ट टेकतो आणि सीटमधून उष्णता हेडमध्ये, तिथून पाण्यात जाते. थोडी दांडीतून गाइडमध्ये (दांडी सरकते त्या नळीत) जाते, पण खरा आधार सीटचा.

आता फटच उरली नाही तर रॉकर व्हॉल्व्हला केसभर दाबून धरतो. तो सीटला पुरता टेकत नाही. उष्णता बाहेर जात नाही आणि त्या केसभर जागेतून जळता वायू कापत राहतो. कडेला आधी खाच पडते, मग तुकडा उडतो. थंड असताना व्हॉल्व्ह आखूड असतो म्हणून गाडी नीट चालते, गरम झाल्यावर मिसिंग मारते, म्हणजे तो सिलिंडर अडखळतो. तुमचं वर्णन हेच आहे.

गॅसवर सीट जास्त झिजते. पेट्रोल द्रवरूपात येतं, उडताना थोडा गारवा देतं, सीटवर पुसटशी ओल ठेवतं. गॅस कोरडाच. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याचं शेपूट रॉकरजवळ येतं आणि फट कमी होते. लोकांना वाटतं झीज झाली की फट वाढणार. इथे उलट होतं.

---

अबोली_ऐरोली
5 मे, सकाळी 9:30

काका, दहा वर्षं गाडी चालवतेय आणि पहिल्यांदाच कळलं. माझ्या वॅगन-आरला कंपनीचं सीएनजी आहे. मलाही हा धोका आहे का?

---

जुना_जिप्सीवाला
5 मे, सकाळी 10:10

ताई, कंपनीच्या गॅसगाडीत व्हॉल्व्ह आणि सीट त्या हिशेबानं कडक धातूच्या दिलेल्या असतात. धोका बराच कमी. तरी सर्व्हिसच्या पुस्तकात टॅपेट तपासायचा किलोमीटर दिलेला असतो, तेव्हा "आवाज नाही ना मॅडम, मग कशाला" हे उत्तर मान्य करू नका. मोजायला लावा.

---

इंजिनाला_हात_नको
5 मे, दुपारी 1:15

हे सगळं वाचून एकच म्हणेन, पार्किंगमध्ये इंजिन उघडणं हा वेडेपणा आहे. हेडमध्ये एक नट पडला की पन्नास हजारांना फोडणी. ज्याचं काम त्यानं करावं.

---

गोटीपाना
5 मे, दुपारी 2:00

ज्याचं काम त्यानं कान लावून "मक्खन" म्हटलंय, वर वाचा.

मिस्त्री, झाकण उघडण्याआधी कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते बघू. माझ्याकडे गेज आहे. शनिवारी संध्याकाळी येतो, चहा पाजा. फिलर गेज मात्र तुमचं तुम्ही घ्या. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला गेलात तर टोकाशी वाकवलेल्या पात्यांचं मागा, सरळ पातं काचेकडच्या रांगेत शिरताना रडवतं.

---

रविवारचा_मिस्त्री
10 मे, रात्री 9:30

गोटीपाना येऊन गेले. इंजिन गरम करून घेतलं, चारही प्लग काढले, कॉइलचे कनेक्टर सोडले, इंजेक्टरचा फ्यूज काढला, गॅस बंद. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारत होतो, ते गेज बघत होते. आकडे पीएसआयमध्ये:

पहिला 185, दुसरा 185, तिसरा 150, चौथा 180.

तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मारलं. 152. म्हणजे रिंगा ठीक आहेत. रिंगमधून गळत असतं तर ऑइलनं फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. हवा वरून, व्हॉल्व्हमधून जातेय.

उद्या पहाटे झाकण उघडतोय.

---

रविवारचा_मिस्त्री
11 मे, दुपारी 3:40

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण मला आधी जे वाचायला हवं होतं ते नीट कुठे सापडलं नाही.

पहाटे साडेपाचलाच खाली उतरलो. मॅन्युअल म्हणतं हेड 38 अंशांच्या खाली असेल तेव्हाच मोजा. जपानमध्ये ही अट कोणाच्या लक्षातही येत नसेल. ठाण्यात मे महिन्यात अकरा वाजता उन्हातल्या बॉनेटखाली तेवढं तापमान इंजिन न चालवताच होतं. रात्रभर उभी गाडी आणि सूर्य वर यायच्या आत मोजणी, एवढंच आपल्या हातात.

वरचं प्लास्टिक काढलं, कॉइल काढल्या. प्लगच्या खड्ड्यांभोवतीची धूळ आधी सायकलच्या पंपानं उडवली. प्लग काढले, भोकांत सुती कापडाचे बोळे कोंबले. मग टॅपेट कव्हर. दहाच्या गोटी पान्यानं बोल्ट सुटले, पण पॅकिंग चिकटून बसलेलं. लाकडी हातोड्यानं कडेला हलकं ठोकल्यावर निघालं. आत सोनेरी तपकिरी, मळ नाही. वेळेवर ऑइल बदलल्याचं पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. टायमिंग चेन खाली उतरते त्या विहिरीवर लगेच मोठा फडका टाकला, आत काही पडायला नको.

इंजिन फिरवायला चाकाचा उपाय केला. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, पुढचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड, गाडी पाचव्या गिअरमध्ये. चाक पुढच्या दिशेनं हातानं फिरवलं की इंजिन आपल्या दिशेनं फिरतं. प्लग काढलेले असल्यानं मुलगासुद्धा फिरवू शकत होता. (सहावीत आहे. "अजून, अजून, थांब" या तीन शब्दांवर आमचं काम चाललं.)

इथे पहिली चूक. क्रँकच्या (पिस्टन खालीवर करणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरची, पिस्टन वर आल्याची खूण जुळली, मी खुशीत पहिल्या सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये पातं घालायला गेलो, तर 0.05 मिमीचंसुद्धा शिरेना. इनटेकलाही (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) तेच. पोटात गोळा आला, वाटलं सगळंच जळालं. मग कॅमच्या (रॉकर हलवणाऱ्या दांड्याच्या) दातेरी चाकाकडे पाहिलं. "वर" दाखवणारी खूण खाली. म्हणजे पिस्टन वर होता, पण कंप्रेशनला नव्हे. एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होतानाचा तो क्षण होता, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, फट मिळणार कुठून? क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा दिला. खूण वर, बाजूच्या रेघा हेडच्या कडेला समांतर आणि पहिल्या सिलिंडरचे रॉकर बोटानं हलवले तर बारीक खुळखुळ. पुली एकटी खोटं बोलू शकते, रॉकर हलवून बघा.

चेनकडून पहिला सिलिंडर. क्रमानं 1-3-4-2, दरवेळी क्रँक अर्धा फेरा. इनटेक कुठला, एक्झॉस्ट कुठला हे विसरायला होतं. थ्रॉटल बॉडीकडून येणारे पाइप ज्या बाजूला हेडला मिळतात ती इनटेकची बाजू.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दोन फेऱ्यांत एकही नट सैल केला नाही, फक्त मोजलं आणि लिहिलं. इनटेकला 0.15 ते 0.19 पाहिजे, आठही 0.16 ते 0.18 मध्ये. 2011 पासून कोणी हात लावलेला नाही आणि तरी बरोबर! एक्झॉस्टला 0.26 ते 0.30 पाहिजे. प्रत्येक सिलिंडरला दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मिळाले ते आकडे (मिमीमध्ये) असे:

पहिला 0.20, 0.19
दुसरा 0.20, 0.18
तिसरा 0.12, 0.08
चौथा 0.18, 0.20

तिसऱ्याचा 0.08 चा आकडा तीनदा मोजला. मुलाकडून एकदा मोजून घेतला. तेवढाच.

मग सेटिंग. एका हातात दहाचा रिंग पाना, दुसऱ्यात सपाट स्क्रू ड्रायव्हर, 0.28 चं पातं दातात नाही पण जवळपास. रॉकरच्या टोकाच्या स्क्रूवरचा नट सैल करायचा, पातं स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरकवायचं, स्क्रू इतकाच फिरवायचा की पातं ओढताना पुस्तकाच्या दोन पानांत अडकलेला कागद ओढल्यासारखं वाटेल. मग स्क्रू धरून नट आवळायचा. आणि नट आवळला की फट बदलतेच. पहिल्या चार वेळा बदलली. नंतर हाताला कळलं की स्क्रू किंचित सैल ठेवून आवळला तर बरोबर बसतो. नटाचा टॉर्क मॅन्युअलात 14 न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

आठ एक्झॉस्टला अडीच तास लागले. मधे सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला निघाले होते, दहा मिनिटं उभे राहून "तेल सांडलं तर टाइल्स तुम्ही घासायच्या" एवढंच म्हणाले.

कव्हर लावताना चेनचं झाकण आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत सीलर लावला. सुरू केली. टिकटिक! दोन वर्षांनी. बायको वरून खिडकीतून ओरडली, "आवाज यायला लागला गं बाई, बिघडवली का?"

---

सानपाडा_लोकल
11 मे, दुपारी 4:20

शेवटचं वाक्य वाचून चहा नाकातून आला. थरथर गेली का ते सांगा.

---

रविवारचा_मिस्त्री
11 मे, संध्याकाळी 7:50

गायमुखपर्यंत जाऊन आलो. पेट्रोलवर पूर्ण गेली. गॅसवर ऐंशी टक्के. एसी लावून उभं राहिलं की अजून एखादा धक्का जाणवतो.

---

इंजिनाला_हात_नको
11 मे, रात्री 8:30

अभिनंदन. तरी टॉर्क पान्याशिवाय आवळलेले नट सुटले तर काय, हा प्रश्न उरतोच.

---

जुना_जिप्सीवाला
11 मे, रात्री 9:00

चाळीस वर्षं लोक हातानं आवळतायत. नट सुटण्यापेक्षा जास्त आवळून स्क्रूचे आटे मारणारेच मी जास्त पाहिलेत. पण शंका चुकीची नाही. हजारेक किलोमीटरनंतर आवाज अचानक वाढला तर उघडून बघा.

मिस्त्री, मोजून लिहून ठेवलंत हे उत्तम. बहुतेक जण झाकण उघडलं की पाना चालवतात. मग आधी काय होतं ते कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी झीज किती वेगानं होतेय हेही कळत नाही.

---

पाम_बीचचा_राजा (नेरुळ)
12 मे, सकाळी 11:10

दोन प्रश्न. एक, फिलर गेज नसेल तर कागद चालतो का? दुसरा, माझ्याकडे दोन गाड्या, स्विफ्ट पेट्रोल 1.2 आणि भावाची स्विफ्ट डिझेल. दोन्हींना हेच करता येईल का?

---

गोटीपाना
12 मे, दुपारी 12:00

कागद नको. झेरॉक्सचा कागद 0.1 मिमीच्या आसपास असतो, पण दाबला जातो, तेल पितो आणि फाटून आतच राहिला तर शोधत बसा. काही जुने मिस्त्री दाढीचं पातं वापरायचे, तेही 0.1 चंच. दोनशे रुपयांचं गेज घ्या हो, गाडी सात लाखांची आहे.

स्विफ्ट डिझेलचं 1.3 इंजिन हायड्रॉलिक टॅपेटचं. ऑइलच्या दाबावर फट आपोआप शून्य राहते, तिथे सेटिंग नावाचं कामच नाही. वेळेवर ऑइल बदला. पेट्रोल 1.2 मध्ये कॅम थेट वाटीवर दाबतो, स्क्रूच नसतो. फट चुकली तर वेगळ्या जाडीची वाटी घालावी लागते आणि त्यासाठी कॅम उचलावा लागतो, म्हणजे चेनही आली. मोजणं घरी करा, पुढचं काम माहीतगाराकडे द्या.

---

अबोली_ऐरोली
12 मे, रात्री 10:05

एक गोष्ट डोक्यात बसत नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, म्हणून फट ठेवायची, हे कळलं. पण काकांच्या जिप्सीचं मॅन्युअल शोधलं तर गरम इंजिनची फट थंडपेक्षा जास्त दिलीय! हे कसं?

---

जुना_जिप्सीवाला
13 मे, सकाळी 6:50

शाब्बास ताई. हा प्रश्न मला गॅरेजमध्ये उमेदवारी करताना पडला होता आणि उस्तादनं उत्तराऐवजी पाना आणायला पाठवलं होतं.

जिप्सीच्या 1.3 इंजिनाला इनटेक थंड 0.13 ते 0.17, गरम 0.23 ते 0.27. एक्झॉस्ट थंड 0.16 ते 0.20, गरम 0.26 ते 0.30. हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पोलादाचा. ॲल्युमिनियम तेवढ्याच तापमानाला पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. सगळं इंजिन गरम झालं की हेड उंच होतं आणि रॉकरचा दांडा घेऊन वर जातं. व्हॉल्व्हही लांबतो, पण तेवढा नाही. म्हणून आपण बॉनेट उघडून मोजतो तेव्हा फट वाढलेली दिसते.

पण आपण मोजतो ते बंद इंजिनवर. घाटात चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडच्या कितीतरी पुढे तापलेला असतो, तिथे फट किती राहते हे पातं घालून कोणी बघू शकत नाही. एक्झॉस्टला इनटेकपेक्षा जास्त फट देतात ती त्या क्षणासाठी. आणि म्हणूनच थंडचा आकडा थंडच्याच इंजिनवर वापरायचा. गरम इंजिनवर थंडचा आकडा लावला की थंड झाल्यावर फट गायब.

---

रविवारचा_मिस्त्री
18 मे, रात्री 9:15

एक कबुली. कंजूषपणा नडला. कव्हरचं पॅकिंग जुनंच लावलं होतं, ते टिकलं. पण प्लगच्या खड्ड्यांभोवतीची गोल सीलं कडक झाली होती, तीही तीच लावली. कॉइल काढून पाहिलं तर दुसऱ्या खड्ड्यात ऑइल साचलेलं. आज नवीन सीलांसह परत उघडलं, पाऊण तासात मिटलं. उघडणार असाल तर पॅकिंग आणि चार सीलं आधी आणून ठेवा.

कंप्रेशनही परत पाहिलं. तिसरा 150 वरून 172. बाकीचे होते तिथेच.

---

गोटीपाना
18 मे, रात्री 9:40

172 म्हणजे व्हॉल्व्ह अजून शाबूत आहे, कड थोडी खाल्ली असेल. आता घाटात आणि लांबच्या पल्ल्याला पेट्रोलवर चालवा, गॅस गावातल्या गावात. पाच हजार किलोमीटरनंतर परत मोजा. आकडे इथेच टाका.

---

रविवारचा_मिस्त्री
9 नोव्हेंबर, सकाळी 11:30

धागा वर काढतोय. 5,200 किमी झाले. आज पहाटे परत मोजलं, या वेळी झाकण उघडण्यापासून मोजणीपर्यंत दीड तास. एक्झॉस्ट:

पहिला 0.28, 0.27
दुसरा 0.28, 0.28
तिसरा 0.27, 0.23
चौथा 0.27, 0.28

थरथर मेपासून आली नाही. टिकटिक आहे, सकाळी ती ऐकल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. तिसऱ्याचा दुसरा व्हॉल्व्ह परत 0.28 वर आणून ठेवलाय.

---

जुना_जिप्सीवाला
9 नोव्हेंबर, दुपारी 12:20

पाच हजारांत 0.05 गेले. बाकीचे सात जागेवर आणि हा एकटा खातोय, म्हणजे त्याची सीट गेली आहे. सेटिंग करून वर्षभर रेटता येईल, पण हेड उतरवून ती सीट बदलायची तयारी आतापासून ठेवा. सीट बदलताना गॅससाठीची कडक मागा, आणि आठही एक्झॉस्टच्या एकदम.

---

रविवारचा_मिस्त्री
9 नोव्हेंबर, दुपारी 12:45

ठरलं काका. एप्रिलमध्ये मुलाची परीक्षा संपली की हेड उतरवतो. तोपर्यंत दर दोन हजारांनी तिसरा मोजत राहीन. गोटीपाना, एप्रिलचे दोन रविवार मोकळे ठेवा.

---

इंजिनाला_हात_नको
9 नोव्हेंबर, दुपारी 1:30

मिस्त्री, ते वाकवलेल्या पात्यांचं गेज एका शनिवारी मिळेल का? माझी 800 हल्ली फारच शांत चालतेय.